गोंदण : देणें सोपें, पुसणें अवघड

मनुष्य मनुष्याला ज्या भेटी देतो त्यांपैकीं बहुतेक काढून ठेवतां येतात. लुगडें जुनें होतें, अंगठी मोडून दुसरी घडवितां येते, पुस्तक आवडलें नाहीं तर तें फळीवर पडून राहतें. गोंदण ही भेट मात्र घेणाराच्या कातडींत शिरते आणि त्याच्याबरोबरच चितेवर जाते. महाराष्ट्रांतील जुन्या बायका गोंदणाचा मोठेपणा याच कारणानें सांगत. अंगावरचें सोनें चोर नेईल, सावकार नेईल, मेल्यावर घरचींच माणसें उतरवून घेतील. गोंदण तेवढें बरोबर येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या वस्तूचा मोठेपणा तिच्या न निघण्यांतच आहे, ती नकोशी झाली म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा राहत आहे. एकीकडे वाढदिवशीं, सणावारीं आणि नाताळांत टॅटूची भेट देण्याची चाल पडली आहे. दुसरीकडे जुनें गोंदण झांकून अथवा पुसून घेणारेहि थोडे नाहींत. या दोन्ही गोष्टी त्वचेच्या एकाच धर्मावर अवलंबून आहेत. तो समजला म्हणजे भेट कशी द्यावी आणि जुनें कसें झांकावें, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळशीं सांपडतात.

गोंदण ही भेट नवी नव्हे. खेडोपाडीं गोंदणारीण दारीं आली किंवा जत्रेंत भेटली, म्हणजे आई, आजी किंवा आत्या मुलीला पुढें बसवी. तीनचार सुया एकत्र बांधलेल्या असत. दिव्याची काजळी पाल्याच्या रसांत कालवून रंग केलेला असे. मुलगी रडूं लागली कीं गोंदणारीण गाणें म्हणून तिचें मन दुसरीकडे वळवी; काम संपलें म्हणजे वर हळद व तेल लावीत. मोबदला म्हणून सुपांतून धान्य किंवा चार पैसे मिळत. कपाळावर टिकला, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, मोर, देवाचें किंवा भावाचें नांव, हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. माहेरच्यांनीं लेकीला दिलेला तो कायमचा दागिना होता, आणि ज्या घरीं सोन्याची ऐपत नव्हती तेथें तर तो एकच दागिना होता. त्यांत माया होती, यांत संशय नाहीं. परंतु जिच्या अंगावर तो चढत होता तिला कोणी विचारीत नसे, हेंहि तितकेंच खरें आहे.

ही कला किती जुनी आहे याचा एक चांगला पुरावा युरोपांत सांपडला आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका पुरुषाचें शरीर सांपडलें. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्या बहुतेक साध्या रेघा आहेत, आणि त्यांतील रंग काजळीचाच आहे. पांच हजार वर्षें त्या रेघा कशानें टिकल्या? बर्फानें देह टिकविला हें खरें. परंतु जिवंतपणींच जर त्या पुसल्या जाणाऱ्या असत्या तर बर्फ तरी काय टिकविणार?

याचें उत्तर त्वचेच्या रचनेंत आहे. त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असून ती सतत झडत व नवी होत असते. मेंदीचा रंग याच थरांत बसतो, म्हणून तो दोनतीन आठवड्यांत उतरतो. तिच्याखालीं अंतस्त्वचा आहे. तींत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात आणि ती अशी झडत नाहीं. गोंदण्याची सुई बाह्यत्वचा भेदून या अंतस्त्वचेंत एक ते दोन मिलिमीटर खोलीवर रंग सोडते. शरीराला तो रंग परका वाटतो. परक्या कणांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तेथें धांवतात व रंगाचे कण पोटांत घेतात. परंतु ते कण त्यांना पचत नाहींत. पुढें ती पेशी मेली कीं कण मोकळे होतात आणि शेजारची दुसरी पेशी ते उचलते. फ्रान्समधील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर प्रयोग करून ही देवघेव दाखवून दिली. सारांश, गोंदण म्हणजे भिंतीवरचा निर्जीव डाग नव्हे. शरीराचे पहारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात सांभाळीत असलेली ती ठेव आहे. काजळी काळी असूनहि जुनें गोंदण हिरवट किंवा निळसर कां दिसतें, याचेंहि कारण येथेंच आहे. त्या कणांवर त्वचेचा जो पडदा असतो, त्यांतून निळा प्रकाश अधिक विखुरला जाऊन डोळ्यांपर्यंत येतो.

हातसुईच्या जागीं यंत्र आलें तें अमेरिकेंत. एडिसननें कागदावर छिद्रें पाडणारी विजेची लेखणी १८७६ सालीं काढली होती. तिच्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानें १८९१ सालीं गोंदण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. यंत्रामुळें काम जलद झालें, रेघ बारीक आली आणि रंगांची संख्या वाढली. आज पाश्चात्य देशांत नाताळाच्या सुमारास टॅटूच्या दुकानांतून भेटीचीं कूपनें विकतात. मित्र मित्राला, पति पत्नीला, मुलगी आईला असें कूपन देते. मुंबईपुण्याकडेहि अशीं दुकानें आहेत, आणि वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला टॅटूची भेट ही आतां अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं.

या चालीला केवळ नांवें ठेवून भागणार नाहीं. तींतलें ग्राह्य काय व त्याज्य काय, हें पाहिलें पाहिजे. देणारानें खर्च द्यावा, यांत वावगें कांहीं नाहीं. त्यानें चित्र देऊं नये. कोणती आकृति, किती मोठी, अंगाच्या कोणत्या भागीं, आणि मुळांत घ्यावयाची कीं नाहीं, हें सर्व घेणाराचें आहे. कूपन घेऊन तें वापरलें नाहीं तरी देणारानें राग मानूं नये, इतकी मोकळीक ज्या भेटींत आहे तीच खरी भेट. सर्वांच्या देखत, सणाच्या उत्साहांत, ‘आतांच चल’ म्हणून हात धरून नेणें हा आग्रह झाला. आणि आग्रहाच्या जेवणानें फार तर अजीर्ण होतें, आग्रहाचें गोंदण जन्मभर राहतें. मुलांच्या बाबतींत तर हा विचार अधिकच कडक पाहिजे. इंग्लंडांत १९६९ सालच्या कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीला गोंदणें हा गुन्हा ठरविला आहे. आईबापांची संमति असली तरी तो गुन्हाच. मूल वाढतें, त्याची त्वचा ताणली जाते, आवड बदलते. आणि त्याच्या वतीनें इतकी कायमची गोष्ट दुसऱ्यानें ठरवूं नये, हें त्यामागील तत्त्व आहे.

गोंदण नकोसें होण्याचीं कारणें मनुष्यस्वभावांतलींच आहेत. ज्याचें नांव गोंदविलें त्याच्याशीं संबंध तुटतो. जत्रेंत हौसेनें काढलेलें अक्षर वांकडें येतें. खेड्यांतून शहरांत शिकावयास आलेल्या मुलीला कपाळावरच्या गोंदणावरून चिडवितात. भारतीय सैन्याच्या भरतींत गोंदण शरीराच्या कोणत्या भागीं चालेल याविषयीं नियम आहेत. आदिवासींच्या रूढीच्या गोंदणास त्यांत सवलत आहे, परंतु हौसेनें गोंदविलेल्या तरुणाची अडचण होऊं शकते. आणि कित्येकदां तर गोंदण बळजबरीचेंच असतें. कंपनी सरकारनें बंगालमध्यें १७९७ सालीं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याचा नियम केला. १८४९ सालीं ती शिक्षा रद्द झाली. मधल्या अर्धशतकांत त्या कैद्यांनीं काय केलें? फेटा कपाळावर ओढून घेतला, केस पुढें सोडले. दुसऱ्यानें लादलेली खूण झांकण्याची धडपड तेव्हांहि होती.

आतां झांकण्याची रीत पाहूं. आज जुन्या गोंदणावर नवें गोंदण करून तें लपविण्याची कला चांगलीच वाढली आहे. परंतु तिच्याविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. भिंतीवरचा काळा डाग पांढऱ्या चुन्याच्या हातानें झांकतो, तसें त्वचेंत होत नाहीं. नवा रंग जुन्या रंगाच्या वर थर म्हणून बसत नाहीं. दोन्ही कण एकाच अंतस्त्वचेंत शेजारीं शेजारीं राहतात, आणि डोळ्यांना त्यांची सरमिसळ दिसते. म्हणून गडद रंगावर फिका रंग चालत नाहीं. काळ्या अक्षरावर पिवळें फूल काढलें तर फुलांतून अक्षर वाचतां येतें. झांकणारें चित्र जुन्याहून गडद आणि पुष्कळदां दुपटीतिपटीनें मोठें घ्यावें लागतें. कुशल कारागीर जुनी रेघ नव्या आकृतींत सामावून घेतो: नांवाचा काना पानाची शीर होतो, वेलांटी पिसाची कड होते. पानें, पिसें, दाट वेलबुट्टी यांना म्हणूनच मागणी अधिक. साध्या व मोकळ्या आकृतींत जुनें लपत नाहीं. जुनें गोंदण पूर्ण बरें झाल्याशिवाय त्यावर सुई चालवूं नये. आणि जेथें वण उठला आहे तेथें रंग नीट धरत नाहीं, हेंहि आधींच सांगून ठेवलेलें बरें. शिवाय झांकणें ही एकदांच घेतां येण्यासारखी सवलत आहे. झांकलेलें पुन्हां झांकावयाचें म्हटलें तर आणखी मोठें व आणखी काळें करण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

पुसण्याची इच्छाहि गोंदणाइतकीच जुनी असावी. सहाव्या शतकांतील एटिअस नांवाच्या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांत गोंदणाच्या शाईची कृति दिली आहे आणि गोंदण काढण्याचे लेपहि दिले आहेत. हे लेप काय, किंवा आजहि कोणी सांगतात ते चुना, सोडा, तेजाब यांचे उपाय काय, सर्वांची तऱ्हा एक: कातडी जाळावयाची व तिच्याबरोबर रंग जाईल अशी आशा करावयाची. रंग खोल असल्यामुळें पुष्कळदां तो राहतो, आणि वर भाजल्याचा वण मात्र नवा मिळतो. असे उपाय कोणीहि करूं नयेत.

आजचा शास्त्रीय उपाय लेसर किरणांचा आहे. पहिला लेसर १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें प्रकाशित केला. पुढें १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश या शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, योग्य रंगाचा प्रकाश पुरेशा अल्प काळ टाकला तर ज्या कणांना तो रंग शोषतां येतो तेच कण तापतील, आजूबाजूची त्वचा वांचेल. गोंदणावर लेसरचा झोत एका सेकंदाच्या काहीं अब्जांश भागापुरताच पडतो. तेवढ्या क्षणांत कण तापून फुटतात, आणि त्यांचे बारीक तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतें. काळा रंग सर्व प्रकाश शोषतो, म्हणून काजळीचें साधें गोंदण त्या मानानें लवकर फिकें होतें; हिरवा, पिवळा वगैरे रंग अधिक हट्टी असतात. एका वेळीं काम होत नाहीं. सहासात आठवड्यांच्या अंतरानें अनेक वेळां जावें लागतें, आणि वर्षभर चिकाटी धरूनहि क्वचित् अस्पष्ट छाया राहते. भारतीयांच्या सांवळ्या त्वचेंत जें नैसर्गिक रंगद्रव्य असतें तेंहि प्रकाश शोषतें. म्हणून अननुभवी हातीं गेल्यास तेथें पांढरा किंवा काळा डाग पडण्याची भीति असते. हें काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावें. कित्येकजण मधला मार्ग काढतात: दोनतीन वेळां लेसरनें जुनें फिकें करून घेतात आणि मग त्यावर लहानशा चित्रानें झांकण करवितात.

गोंदणें असो कीं झांकणें असो, सुईची स्वच्छता हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. एकाच्या रक्तानें माखलेली सुई दुसऱ्याला लागली तर यकृताचा दाह उत्पन्न करणारे ‘ब’ व ‘क’ प्रकारचे विषाणु आणि एड्सचा विषाणु पसरूं शकतो. जत्रेंतल्या गर्दींत एकाच सुईनें व एकाच वाटींतल्या रंगानें दहा जणांना गोंदतात, त्यांत हा धोका आहे. सुई प्रत्येकाला नवी, डोळ्यांदेखत पाकीट फोडून काढलेली, आणि रंगहि प्रत्येकाला वेगळ्या भांड्यांत ओतलेला, एवढें मागण्यांत संकोच मानूं नये. गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करतां येत नाहीं, तो नियमहि याच भयामुळें आहे.

ज्याला अशी भेट द्यावयाची किंवा घ्यावयाची आहे त्यानें एक सोपी परीक्षा करून पाहावी. मनांतलें चित्र कागदावर काढून आरशाशेजारीं चिकटवावें, किंवा मेंदीनें अंगावर काढून घ्यावें, आणि सहा महिने वाट पाहावी. तरीहि तें हवेंसें वाटलें तर खुशाल गोंदवावें. कंटाळा आला तर कागद टाकून द्यावा. त्यांत खर्च नाहीं, वेदना नाहीं.

राहतां राहिल्या त्या स्त्रिया, ज्यांना लहानपणीं कोणी न विचारतां हें लेणें चढविलें. कोणाला तें माहेरची आठवण म्हणून प्राणाहून प्रिय असतें. कोणाला आरशांत पाहतांना रोज खुपतें. नातवंडांनीं पहिलीला अडाणी समजून हंसूं नये, आणि दुसरीनें तें काढून घ्यावयाचें म्हटलें तर ‘आतां या वयांत कशाला’ म्हणून तिला अडवूंहि नये. गोंदतेवेळीं तिला विचारावयाचें राहून गेलें होतें. पुसतेवेळीं तरी तिचा शब्द शेवटचा असावा. तीं तुळशीवृंदावनें आणि ते मोर पुसले जाण्यापूर्वीं, तिची हरकत नसेल तर, त्यांचें एक छायाचित्र मात्र घेऊन ठेवावें, आणि कोणी, कोठें, केव्हां गोंदलें तें तिच्याच तोंडून ऐकून त्यामागें लिहून ठेवावें.