ताप टायफॉइडचा नव्हता: ब्रुसेलोसिसच्या तपासण्या नेमकं काय सांगतात?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा भाग घरचा आहे. मी डॉक्टर नाही, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. पण गेल्या पावसाळ्यात रनाळ्याला आमच्या घरी जे झालं, त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. दोन डॉक्टर आणि एका लॅब टेक्निशियनला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तर झालं असं. आप्पा म्हणजे माझे काका. घरी दोन म्हशी आणि सात-आठ बकऱ्या. श्रावणात एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. जार अडकला होता. आप्पांनी नेहमीसारखा नुसत्या हातानं तो काढला, हात धुतले आणि शेतात गेले. यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी आप्पांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री अंथरूण ओलं होईल इतका घाम, सकाळी जरा बरं. कंबर धरलेली. जवळच्या लॅबमध्ये विडाल टेस्ट झाली, ‘पॉझिटिव्ह’ आली. टायफॉइडचा कोर्स झाला. ताप उतरला, परत आला. दुसरा कोर्स. मग कुणीतरी टीबीची शंका काढली. दोन महिने असेच गेले, आप्पांचं वजन उतरलं, कापूस वेचायला दुसऱ्यांना सांगावं लागलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘आप्पा, घरी ढोरं आहेत का? एवढ्यात कुणी गाभडलं का?’

या प्रश्नानं सगळं बदललं.

आधी रोग थोडक्यात

ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं माल्टा बेटावर तापानं गेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवलं की हा जंतू बकऱ्यांमध्ये असतो आणि त्यांच्या दुधातून येतो. गाई-म्हशींमध्ये मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांमध्ये ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दुसरा जास्त त्रास देतो. माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. कच्चं दूध आणि गाभडलेल्या जनावराचा जार, पाणी, रक्त हे त्याचे मुख्य रस्ते.

आपल्या जिल्ह्याला जनावरांकडून येणारे रोग नवे नाहीत. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला. पण तिथे कोंबड्या पटापट मेल्या म्हणून सगळ्यांचं लक्ष गेलं. ब्रुसेला असा आवाज करत नाही. म्हैस गाभडते, पुढच्या वेळी कदाचित नीट विते, आणि माणसाचा ताप टायफॉइडच्या खात्यात जमा होतो.

विडालनं फसवलं ते का?

१८९६ मध्ये फर्नांड विडाल यांनी टायफॉइडसाठी जी पद्धत आणली, तीच पुढच्या वर्षी आल्मरॉथ राइट यांनी माल्टा तापासाठी वापरली. दोन्हीचं तत्त्व एकच. रुग्णाच्या रक्तातल्या सीरममध्ये मेलेले जंतू मिसळायचे. त्या जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडी सीरममध्ये असतील, तर जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात.

म्हणजे ही टेस्ट जंतू दाखवत नाही, शरीरानं जंतू पाहिल्याची आठवण दाखवते. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाइल आहे. नोंद कालची की तीन वर्षांपूर्वीची, हे एका ओळीवरून कळत नाही. जिथे टायफॉइड नेहमीचाच, तिथे अशी जुनी नोंद अनेकांच्या रक्तात सापडते. एकट्या विडालवर म्हणूनच विसंबता येत नाही. आणि ब्रुसेलाचं तर तिला कुणी विचारलेलंच नव्हतं.

रोझ बेंगाल: चार मिनिटांची टेस्ट

आप्पांची पहिली टेस्ट ही झाली. गुलाबी रंगवलेले मेलेले ब्रुसेला जंतू आम्लधर्मी द्रावणात असतात. त्याचा एक थेंब, सीरमचा एक थेंब, पट्टीवर मिसळून चार मिनिटं हलवायचं. गुलाबी कण जमले की पॉझिटिव्ह. आम्ल असतं ते भलत्या अँटीबॉडींमुळे होणाऱ्या खोट्या गुठळ्या कमी व्हाव्यात म्हणून. जनावरांसाठीही हीच टेस्ट वापरतात. स्वस्त, सोपी, पण शेवटचा शब्द नाही. चाळणी म्हणा.

ट्यूब टेस्ट: किती, ते मोजायचं

पुढची पायरी स्टँडर्ड ट्यूब ॲग्लुटिनेशन. सीरम दुपटीनं पातळ करत जायचं: १:२०, १:४०, १:८०, असं पुढे. ज्या शेवटच्या नळीत गुठळी दिसते, तो आकडा म्हणजे टायटर. लक्षणं असतील तर साधारण १:१६० किंवा जास्त टायटर महत्त्वाचं धरतात. दोनेक आठवड्यांनी दुसरा नमुना घेतला आणि आकडा चौपट झाला, तर पुरावा आणखी भक्कम.

इथे एक गंमत आहे. अँटीबॉडी फारच जास्त असतील तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळी दिसतच नाही. याला प्रोझोन म्हणतात. लॅबनं दोन-तीन नळ्यांवर थांबून ‘निगेटिव्ह’ लिहिलं तर सगळ्यात आजारी माणूसच सुटतो. म्हणून बरंच पातळ करत जावं लागतं. आप्पांचं टायटर निघालं १:६४०.

याच टेस्टमध्ये टू-मर्कॅप्टोइथेनॉल घातलं की आयजीएम जातीच्या, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या अँटीबॉडी तुटतात आणि आयजीजी उरतात. आजार रेंगाळलाय का, उलटलाय का, हे बघायला त्याची मदत होते. जुन्या आजारात काही अँटीबॉडी चिकटतात पण गुठळी करत नाहीत. त्या पकडायला कूम्ब्स टेस्ट. एलायझात आयजीएम आणि आयजीजी वेगवेगळे मोजता येतात.

या सगळ्यांची एक सामाईक अडचण आहे. येर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ-९ नावाच्या जंतूचं वरचं आवरण ब्रुसेलासारखंच असतं, त्यामुळे तोही खोटी पॉझिटिव्ह देऊ शकतो.

कल्चर: खरा पुरावा, पण हट्टी

रक्तातून जिवंत जंतू वाढवून दाखवला तर वाद संपतो. पण ब्रुसेला सावकाश वाढतो. आजच्या स्वयंचलित यंत्रात बहुतेकदा आठवड्याभरात कळतं. जुन्या कास्टानेडा बाटलीत काही आठवडे वाट बघावी लागते. त्या एकाच बाटलीत घट्ट आणि पातळ अशी दोन्ही माध्यमं असतात. बाटली न उघडता नुसती तिरपी करायची. आजार किती जुना आहे आणि आधी औषधं झालीत का, यावर यश ठरतं. ते १५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान सांगतात. अस्थिमज्जेचं कल्चर रक्तापेक्षा सरस. आप्पांचं रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं. दोन अँटिबायोटिक कोर्स आधीच झाले होते, आश्चर्य काय?

टेक्निशियननं मला एक गोष्ट फार कळकळीनं सांगितली. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होणाऱ्या जिवाणूंच्या आजारांत ब्रुसेलोसिस वरच्या नंबरात आहे. उघड्या टेबलावर प्लेट हाताळली, वास घेतला, की श्वासातून जंतू आत. ओळखणारं यंत्र कधीकधी त्याला ‘मोरॅक्सेला’सारखं निरुपद्रवी नावही देतं. म्हणून चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाची शंका’ एवढं लिहिलं तरी कुणाचा तरी बचाव होतो.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो, लवकर उत्तर देतो. पण बरं झाल्यावरही डीएनए बराच काळ सापडू शकतो. त्यामुळे ‘आजार गेला का?’ याचं उत्तर त्याला एकट्याला देता येत नाही.

काकूंचा रिपोर्ट

धारा काकू काढतात, म्हणून त्यांचीही तपासणी झाली. रोझ बेंगाल पॉझिटिव्ह! घरात रडारड. पण त्यांना ताप नाही, दुखणं नाही, ट्यूब टेस्ट फक्त १:४०. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, काही आठवड्यांनी परत बघू. परत बघितलं, आकडा वाढला नव्हता. जंतूशी भेट झाली होती, आजार नव्हता.

एकाच घरात दोन पॉझिटिव्ह, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. रिपोर्टवरचा शब्द एकटा वाचायचा नसतो. लक्षणं, आकडा आणि गोठ्यात काय घडलं, हे तिन्ही शेजारी ठेवून वाचायचा असतो.

आप्पांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे. रिफॅम्पिसिन टीबीलाही देतात. म्हणजे टीबी समजून औषध सुरू झालं असतं तर थोडं बरं वाटून आणखी गोंधळ झाला असता. आता ताप नाही, कंबर अजून कुरकुरते.

राहिली म्हैस. ‘बाजारात विकून टाका’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आप्पा म्हणाले, ‘माझं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधू?’ पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सगळ्या जनावरांचं रक्त नेलं, म्हैस वेगळी बांधली. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस मोफत मिळते. आयुष्यात एकदाच. ती चुकवू नका. लस जिवंत जंतूची असते, सुई स्वतःला टोचली तर डॉक्टरांकडे जा.

दूध उकळूनच प्या. जार काढताना हातमोजे घाला, नाहीतर पशुवैद्याला बोलवा. जार आणि गाभडलेलं पिल्लू खोल पुरा. कुत्र्यांपुढे टाकू नका.

आणि घरात कुणाचा ताप आठवडाभर हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधीच सांगा: ‘आमच्याकडे ढोरं आहेत, एवढ्यात एक गाभडली होती.’ या एका वाक्यावरून पुढची टेस्ट कोणती, हे ठरतं. आम्ही ते सांगायला दोन महिने घेतले.

चला, भेटू पुढच्या भागात. गावाकडे फोन कराल तेव्हा एवढं नक्की सांगा.