केमो चालू असताना मुलानं खेळावं का?

दिल्लीच्या एम्समध्ये केमोथेरपी घेणारं मूल दिवसभर झोपूनही थकलेलंच असतं. हिमोग्लोबिन घटलेलं, स्टेरॉइडनं झोप मोडलेली; नुसत्या विश्रांतीनं हा थकवा जात नाही. कर्करोग झालेल्या मुलांच्या थकव्याविषयीच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सर्वांत जास्त भर दिला तो हालचालीवर. त्याखालोखाल शिथिलीकरण, सजगतेचा सराव. हालचाल म्हणून चालण्याच्या फेऱ्या, चेंडू, झेपतील तेवढी आसनं, काहीही चालेल. नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या धुरक्यात मात्र घरातच. हलका मसाज आवडला तर जरूर, पण प्लेटलेट्स कमी असताना रगडणं नको. मला खरी भीती वाटते ती ‘घरचंच आहे’ म्हणून परस्पर पाजलेल्या काढ्यांची. गुळवेल, अश्वगंधा यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोच्या काही औषधांचा भारही यकृतावरच पडतो. असलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.