मद्य, मोटार आणि न्यायालय

लग्नाचा स्वागतसमारंभ आटोपून चिरंजीव मित्रांसमवेत घरी यावयाचे असतात. साडेअकरा होतात, बारा होतात, आणि साडेबाराच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडचा आवाज पोलीस ठाण्यातून आलेला असतो. नाकाबंदीत गाडी अडविली, यंत्रात फुंकर मारावयास लावली, आकडा मर्यादेच्या वर गेला. वडील चपला पायांत सरकवितात, आई देवापाशी दिवा लावते, आणि तेवढ्या वेळात शेजारचे दोघे सल्ला देऊन मोकळे होतात. एक म्हणतो, "कोणाची ओळख असेल तर काढा, मिटवून टाका." दुसरा म्हणतो, "त्यात काय एवढे! सकाळी कोर्टात गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि घरी यायचे."

वाचकहो, यांपैकी पहिला सल्ला घातक आहे आणि दुसरा अपुरा आहे. अशा प्रसंगी कायदा आरोपीला काही हक्क देतो, परंतु ते हक्क पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतात. त्या रात्री काय लिहिले गेले, रक्त कोणी व केव्हा घेतले, कुपीवर मोहोर कोणाची लागली, यांवर पुढचा सारा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. म्हणून वेळ येण्यापूर्वीच प्रत्येक घरातील एका तरी वडीलधाऱ्या माणसास या गोष्टी ठाऊक असाव्यात.

प्रथम मूळ कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम असे सांगते की, वाहन चालविणाऱ्या किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो अपराधी होय. तो झोकांड्या खात होता की सरळ चालत होता, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून या अपराधाची शिक्षा बरीच कडक झाली. पूर्वी पहिल्या वेळी दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता, तो आता दहा हजार रुपये आहे. त्याखेरीज किंवा त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुन्हा तोच अपराध घडल्यास दंड पंधरा हजार आणि कारावास दोन वर्षांपर्यंत. रस्त्यावर पावती फाडून मोकळे होता येते, हा समज या कलमापुरता चुकीचा आहे. हे प्रकरण न्यायालयातच जावे लागते.

"दंड भरा आणि घरी या" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यास बहुधा २० वे कलम ठाऊक नसते. १८५ व्या कलमाखाली दोषी ठरविताना न्यायालयाने आरोपीस किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविलेच पाहिजे, असे ते कलम सांगते. नोकरीनिमित्त फिरणारा विक्रेता, टॅक्सीचालक, रोज वीस मैल मोटारसायकलने कारखान्यात जाणारा तंत्रज्ञ, यांना दंडाहून ही सहा महिन्यांची बंदी अधिक झोंबते. शिवाय कबुली दिली की दोषसिद्धीची नोंद होते, आणि पुढे कोणत्याही अर्जातील "आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?" या रकान्यात खरे उत्तर लिहावे लागते. अपराध खरोखर घडला असेल तर कबुली देणे हाच सरळ मार्ग होय. मात्र ती सकाळच्या घाईत, कागद न पाहता, वकिलाशी दोन शब्द न बोलता देऊ नये.

आता त्या रात्रीकडे वळू. संशयास वाजवी कारण असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी चालकास श्वासाचा नमुना मागू शकतो. त्यासाठी वापरावयाचे यंत्र केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचे असावे लागते. श्वास देण्यास नकार देणे ही चतुराई आहे, असे तरुण मंडळींत सांगितले जाते. ती चतुराई मुळीच नाही. नकार दिला आणि मद्याचा संशय असला तर वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते. आणि २०५ व्या कलमान्वये, वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालय सरकार पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी गोष्ट म्हणून धरू शकते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणास भाग पाडता येत नाही, या घटनेतील तत्त्वाचाही येथे फारसा आधार नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे ही त्या अर्थाने साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले आहे, आणि रक्ताच्या नमुन्यालाही तोच विचार लागू पडतो.

अटक झाल्यास घड्याळाकडे लक्ष ठेवावे. अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी झाली पाहिजे. ती न झाल्यास आरोपीस कोठडीतून सोडावे लागते. (सोडले म्हणजे खटला संपला असे मात्र नव्हे.) आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर रक्त दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावे लागते. केवळ १८५ व्या कलमाचा आरोप असेल तर तो जामीनपात्र आहे. जामीन हा तेथे हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. वकील करण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्याचसाठी आहे.

श्वासाच्या यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बचावाचा पहिला प्रश्न तेथेच निघतो. हे यंत्र रक्त पाहत नाही. फुप्फुसांतून येणाऱ्या २१०० मिलिलिटर हवेत जेवढा मद्यार्क असतो तेवढा एक मिलिलिटर रक्तात असतो, असे गृहीत धरून ते आकडा दाखविते. हे प्रमाण माणसामाणसागणिक थोडे कमीअधिक असते. घोट नुकताच घेतला असेल, किंवा मद्यार्क असलेले औषध अथवा गुळणीचे द्रव्य तोंडात रेंगाळत असेल, तर आकडा खोटा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. यंत्राचे प्रमाणीकरण केव्हा झाले होते, आकड्याची छापील पट्टी आहे काय, तीवर वेळ व वाहनक्रमांक आहे काय, हे विचारणे आरोपीचा अधिकार आहे. परंतु चमचाभर खोकल्याच्या औषधाने रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली गेली, ही सबब रक्ततपासणीपुढे टिकत नाही.

रक्ताचा नमुना हा अधिक भक्कम पुरावा. म्हणूनच त्याची शिस्तही अधिक कडक. मुंबई मद्यनिषेध कायद्याखाली १९५९ साली केलेल्या नियमांत ही शिस्त तपशिलाने सांगितली आहे. त्वचा स्पिरिटने पुसावयाची नाही, निर्जंतुक पाण्याने पुसावयाची. रक्त गोठू नये व नासू नये म्हणून कुपीत योग्य द्रव्ये घालावयाची, कुपी हलवावयाची, तीवर चिठ्ठी लावून लाखेची मोहोर करावयाची, आणि ती ठरावीक मुदतीत रासायनिक विश्लेषकाकडे पोहोचवावयाची. वाचणाऱ्यास हा कारकुनी काथ्याकूट वाटेल. पण उन्हाळ्यात संरक्षक द्रव्याविना पडलेल्या रक्तात जंतूंमुळे मद्यार्क नव्याने निर्माण होऊ शकतो. तेव्हा ज्याने थेंबही घेतला नाही असा माणूसदेखील कागदावर मद्यपी ठरेल.

खानदेशातील एका मोटारचालकाच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. रक्त घेतले तेव्हापासून ते विश्लेषकाकडे जाईपर्यंत कुपी कोठे व कोणाच्या ताब्यात होती, याचा समाधानकारक पुरावा नव्हता. न्यायालयाने आरोपीस तडकाफडकी सोडले नाही आणि शिक्षाही कायम केली नाही; पुरावा पुरा करण्यासाठी खटला परत पाठविला. पुढे १९७१ साली महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, तोंडास वास येणे, पावले डळमळणे, बोलणे अडखळणे, बाहुल्या विस्फारणे एवढ्यावरून, रक्ताची वा लघवीची तपासणी नसताना, मद्यपानाचा आरोप शाबीत झाला असे म्हणता येत नाही. खरा बचाव असा असतो. तो सरकार पक्षाला आपले काम नीट करावयास लावतो.

उलट, खोटा बचाव कुटुंबाला आणखी खोल नेतो. "गाडी मी चालवीत नव्हतो, ड्रायव्हर चालवीत होता" असे म्हणून पगारी माणसास पुढे करणे, किंवा रक्ताची कुपीच बदलणे, हे पुरावा नष्ट करण्याचे स्वतंत्र आणि जड गुन्हे आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यास मध्यरात्री एका भरधाव मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुणांचा बळी घेतला. त्यानंतर चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून पालक आणि डॉक्टर यांना अटक झाली. खटल्यातील खरेखोटे न्यायालय ठरवील. पण "मिटवून टाका" या सल्ल्याची वाट कोणीकडे जाते, ते एवढ्यावरूनही दिसते.

माणूस दगावला असेल तर सगळे चित्रच पालटते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे आणि सदोष मनुष्यवध यांत अंतर फार मोठे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. आणि आपल्या कृत्याने मृत्यू ओढवणे संभवनीय आहे अशी जाणीव असताना ते केले असेल, तर दहा वर्षांपर्यंत. इंग्रजी कायदा मराठीत आणताना या एका शब्दापाशी आमची लेखणी नेहमी अडते. "ज्ञान" म्हटले तर वेदान्ताचा वास येतो. "जाणीव" हाच शब्द बरा. प्यालेल्या माणसाला जाणीव असते काय, असे कोणी विचारील. न्यायालये म्हणतात, ती पिऊन चाकामागे बसण्यापूर्वीच होती.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के होते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली. आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवताना, हीदेखील अपुरी आहे, परंतु ती वाढविण्यासाठी सरकारचे अपील आपल्यापुढे नाही, असे नमूद केले. सात मजुरांच्या घरी त्या पहाटेनंतर काय झाले असेल, ते निकालपत्रातून कळत नाही.

विम्याविषयीही गैरसमज फार आहेत. अपघातात सापडलेल्या तिसऱ्या व्यक्तीला न्यायालये पुष्कळदा विमा कंपनीकडून भरपाई आधी देववितात, आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. स्वतःच्या मोडलेल्या गाडीचे पैसे मात्र बहुधा बुडतातच. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक महागडी मोटार आदळून जळून खाक झाली. चालकाच्या श्वासाची वा रक्ताची तपासणी झालेली नव्हती. नोंद होती ती फक्त मद्याच्या वासाची. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विम्याच्या दाव्यात ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध करण्याची गरज नाही. परिस्थितीवरूनही मद्याचा अंमल ठरविता येतो. दावा फेटाळला गेला. पाहा, १९७१ साली फौजदारी खटल्यात जो वास पुरेसा ठरला नाही, तो दिवाणी व्यवहारात पुरला!

बडोदे किंवा सुरत येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे की, गुजरातेत मद्यनिषेध असल्याने परवान्याशिवाय मद्य घेणे हाच मुळी अपराध आहे. बिहारमध्येही २०१६ पासून तसेच आहे. शिवाय मित्र प्याला आहे हे ठाऊक असताना आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हाती देणारा माणूस १८८ व्या कलमाखाली चालकाइतक्याच शिक्षेस पात्र होतो.

रात्रीचा उतार किती वेळात पडतो, हेही घरोघरी माहीत असावे. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क निकालात काढते. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ती गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १२० मिलिग्रॅम मद्यार्क असेल, तो पहाटे सहा वाजता जेमतेम मर्यादेवर येतो. मुलांना शाळेत सोडावयास पाच वाजता निघणारा बाप झोपून उठलेला असतो, दाढी केलेला असतो, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने अपराधी असू शकतो.

शेवटी नोकरीसंबंधी. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाचा एक चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांनी भरलेला ट्रक नेत असता एका जीपवर आदळला. कोणी मेले नाही. तपासणीत त्याने मद्य घेतल्याचे दिसले, आणि खात्याने त्यास बडतर्फ केले. मोठे नुकसान झाले नाही हे केवळ दैव, त्यामुळे अपराध लहान होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटले. तथापि त्याची पंचवीस वर्षांची सेवा ध्यानी घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती ठरविली. तोपर्यंत तो चालक हयात नव्हता. निवृत्तीचे जे लाभ निघाले ते त्याच्या वारसांना देण्याचा हुकूम झाला.