गिलावा कोणी केला?

कॅरोल रीड यांच्या ‘द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी’ (१९६५) या चित्रपटात सिस्टाइन चॅपेलच्या छतापायी पोप दुसरा ज्युलियस आणि मायकेलअँजेलो झुंजतात. एक आश्रयदाता, एक कलावंत. मी गवंड्याचा मुलगा. मला तिसरा माणूस आठवतो. असे चित्र ओल्या चुन्यावर काढतात. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा आणि तो सुकण्याआधी रंग भरायचा. छताचा जुना गिलावा काढण्याचे काम १५०८ मध्ये पिएरो रोसेल्लीने केले. मजुरीच्या नोंदीत त्याचे नाव उरले. चित्रपटाच्या कथेत त्याला जागा नाही. मायकेलअँजेलोची थोरवी मी नाकारीत नाही. पण छत पाहताना गिलावा कोणी केला हेही विचारा, असे मी वर्गात सांगतो.