पोहून नदी ओलांडली की फ्रेंच भेटते

‘गिव्ह’ म्हणजे देणे. त्याला ‘अप’ जोडा, माणूस हात टेकतो. ‘इन’ जोडा, नमतं घेतो. ‘अवे’ जोडा, फुकट वाटत सुटतो. इंग्रजीच्या या शेपटीवाल्या क्रियापदांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. फ्रेंच क्रियापदांना अशी शेपटी क्वचितच असते. मग भाषांतर करणारे काय करतात? बहुतेकदा आपण मराठीत करतो तेच!

नाचातली अदलाबदल
‘स्विम अक्रॉस’मध्ये क्रियापद पोहतं आणि शेपूट पलीकडे नेतं. फ्रेंचमध्ये क्रियापदच नदी ओलांडतं, पोहणं मागून येतं: ‘ट्राव्हेर्से आ ला नाज’. आपणही ‘पोहून ओलांडली’च म्हणतो. १९०९ मध्ये वैमानिक लुई ब्लेरियो इंग्रजीत इंग्लिश खाडीपलीकडे ‘उडाला’. फ्रेंच आणि मराठीत त्याने ती विमानाने ‘ओलांडली’. या अदलाबदलीला भाषांतरकार ‘शासे-क्र्वाझे’ म्हणतात. मूळ शब्द नाचातला: जोडीदार एकमेकांना ओलांडून जागा बदलतात. जुलैअखेरीस सुट्टीवरून परतणारे आणि सुट्टीला निघणारे फ्रान्सच्या रस्त्यांवर एकाच वेळी गर्दी करतात, त्या कोंडीलाही हेच नाव!

शेपटीविना सुखी
‘लुक फॉर’, ‘लिसन टू’, ‘आस्क फॉर’. फ्रेंचमध्ये नुसतं ‘शेर्शे’, ‘एकूते’, ‘दमांदे’. शोधणे, ऐकणे, मागणे. झालं! सॅम्युएल बेकेटने आपलं गाजलेलं नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहिलं: ‘आँ आतांदां गोदो’. नावात शेपूट नाही. त्यानेच इंग्रजी केलं, तेव्हा मात्र ‘वेटिंग’मागे ‘फॉर’ लावावा लागला. शिवाय फ्रेंच नावातला ‘वाट पाहता पाहता’ हा सूर इंग्रजीत विरला तो विरलाच.

वर चढू नका
‘गो अप’ म्हणजे ‘मोंते’, ‘गो डाउन’ म्हणजे ‘देसांद्र’. वर आणि खाली शब्दातच मुरलेले. त्यामुळे कुणी ‘मोंते आँ ओ’, म्हणजे ‘वर चढ’ म्हटलं, की फ्रेंच शिक्षक लाल पेन काढतात. आपल्याकडे झाडावरच्या पोराला ‘खाली उतर’ असं ओरडताना व्याकरण कोण बघतो?

मेणबत्ती आणि पक्वान्न
वाढदिवसाची मेणबत्ती इंग्रज ‘ब्लो आउट’ करतो. फ्रेंच माणूस नुसता ‘सूफ्ले’ करतो, म्हणजे फुंकतो. विझली हे समजून घ्यायचं. अंड्याचा फुगलेला ‘सूफ्ले’ हा पदार्थही याच कुळातला: फुंकून फुगवलेला.

‘अवे’ लपला कुठे?
कधी कधी शेपूट पुढे येऊन डोकं होतं. ‘पोर्ते’ म्हणजे वाहून नेणे, ‘आंपोर्ते’ म्हणजे सोबत घेऊन जाणे. ‘गॉन विथ द विंड’चं फ्रेंच नाव ‘ओतां आंनांपोर्त ल व्हां’. वाऱ्यानेही तेच क्रियापद वापरलं! आणि हॉटेलातलं ‘टेक अवे’ तिकडे ‘आ आंपोर्ते’. आपण तो प्रश्न कधीच सोडवलाय: ‘दोन वडापाव पार्सल.’

विमान चिकटलंय
‘टेक ऑफ’ला फ्रेंचमध्ये एक शब्द पुरत नाही. कोट काढायचा तर ‘आंलव्हे’. विमान उडायचं तर ‘देकोले’. ‘कोल’ म्हणजे डिंक, म्हणजे विमान जमिनीपासून सुटतं, एखाद्या तिकिटासारखं.

भारदस्त की घरगुती?
१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच शिरली. म्हणून इंग्रजीत ‘गो इन’ घरगुती, ‘एंटर’ भारदस्त. फ्रेंचमध्ये मात्र ‘आंत्रे’ हा शब्द शेंबडं पोरही वापरतं. सापळा पुढे आहे. ‘पुट अप विथ’ला फ्रेंच शब्द ‘स्युपोर्ते’. तो ‘सपोर्ट’सारखा दिसतो, पण ‘मी त्याला स्युपोर्ते करत नाही’ म्हणजे पाठिंबा नाही असं नव्हे. तो मला सहनच होत नाही!

इंग्रजी काढून इंग्रजी
‘स्टेप अप’ हा २००६ चा नाचाचा सिनेमा. फ्रान्समध्ये त्याचं नाव झालं… ‘सेक्सी डान्स’. फ्रेझल व्हर्ब हटवलं, इंग्रजी ठेवली.

परत परत परत
कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फ्रेंच भाषकांनी उलटा सौदा केला. त्यांनी इंग्रजी शेपूट उचलून फ्रेंचला लावलं: ‘रव्हनीर बॅक’. ‘रव्हनीर’ म्हणजेच परत येणे. वर आणखी ‘बॅक’!

शेवटचा घास
‘ईट अप’मधला ‘अप’ कुठेही वर जात नाही. तो ताट रिकामं करतो. फ्रेंच आई म्हणते, ‘ताट संपव.’ इथे मात्र मराठी फ्रेंचची पंगत सोडून इंग्रजीशेजारी जाऊन बसते, कारण आपली आई म्हणते, ‘खाऊन टाक.’ टाकायचं काहीच नसताना आलेलं हे ‘टाक’ आपलं घरचं शेपूटच. तेव्हा फ्रेंच शिकणाऱ्यांनो, एकच गृहपाठ: ‘ताटात काही टाकू नकोस, सगळं खाऊन टाक.’ करा याचं फ्रेंच!