कलंकाचे दफ्तर

मनोरुग्णाच्या कपाळी लागणारा कलंक हा निव्वळ अडाणी समजुतींचा परिपाक होय, असे मानण्याकडे आपल्या सुशिक्षितांचा कल असतो; परंतु त्या समजुतींना सरकारी दफ्तराचेही भरभक्कम पाठबळ होते, ही गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. १९१२ च्या इंडियन लूनसी अ‍ॅक्टान्वये रस्त्यात भटकणाऱ्या वेडसर माणसाला पकडण्याचा अधिकार पोलिस अंमलदारास होता, आणि नातलगांनी अर्ज केला तरी डॉक्टरी दाखले पाहून मॅजिस्ट्रेटने हुकूम दिल्यावर रुग्णाची रवानगी व्हावयाची. चोराला तुरुंगापर्यंत नेणाऱ्या वाटेनेच आजारी माणूस येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीआड पोहोचत असेल, तर आळीतल्या लोकांनी त्याला गुन्हेगारांच्या पंक्तीला बसविले, याचा दोष एकट्या अज्ञानाच्या माथी कसा मारावा? १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत हाच कारभार चालू होता. आणि ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे, हे पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी बजावून सांगावे लागले.

त्यानंतरही तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवाऱ्यास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जीव होरपळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांना मनाई केली, भूल दिल्यावाचून विजेचे झटके देणे निषिद्ध ठरविले आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विमा मिळावा अशी तरतूद केली. कलंक पुसण्याच्या कामी व्याख्यानमालेपेक्षा विम्याच्या अर्जातील एक रकाना अधिक उपयोगी पडावा, हे आमच्या सुधारकांना फारसे रुचणार नाही. पण मला तरी तसेच वाटते.

मात्र कायद्याची सत्ता उंबरठ्यापाशी थबकते. स्थळ सांगून आले की मुलीच्या गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घडीखाली जाते, सासरी गोळ्या घेणे जमत नाही, दुखणे उलटते, आणि मग ‘फसवणूक केली’ म्हणून वकिलाची नोटीस येते. वास्तविक स्किझोफ्रेनिया हे नाव घेतल्याने घटस्फोट मिळत नाही, विकार किती तीव्र आहे हे पाहावे लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच दिलेला आहे. पण बैठकीत बसलेल्या मंडळींना तो कोण वाचून दाखविणार?

या लपवाछपवीला छेद देणाऱ्यांत जगन्नाथ वाणी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया झाकून न ठेवता त्याविषयी लिहिले, बोलले, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. शुभार्थींच्या, म्हणजे मनोरुग्णांच्या, नातलगांचे आधारगट आता भरतात, आणि तेथे तत्त्वचर्चा बेताचीच असते. गोळी चहात गुपचूप मिसळावी की मुलाला सांगून द्यावी, असे एखादे वडील विचारतात, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील आई स्वानुभवाने सांगते की सांगूनच द्या, एकदा का त्याच्या लक्षात आले की तो चहालाही शिवणार नाही.