रागाचा लगाम कोणाच्या हाती?

पहाटे शिट्टी झाली की आपण उठतो. सुट्टीत घरी शिट्टी नसते. तेव्हा किती जण उठतात? बाहेरची शिस्त मनात उतरली की नाही, हे तिथेच कळते.

आपल्या लखनौजवळ बक्षी का तालाब येथे ‘धम्म लक्खण’ हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये म्यानमारहून येऊन भारतात ही साधना शिकवायला सुरुवात केली. १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला शिबिरे भरू लागली. शिबिर दहा दिवसांचे. पहाटे ४ वाजता घंटा, मौन, मोबाइल बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे, मग अंगावरील संवेदनांकडे. पाय दुखतो, राग येतो. चिडायचे नाही, नुसते पाहायचे. गुरुजी वाट दाखवतात, चालायचे मात्र ज्याचे त्यानेच.

१९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी अशा शिबिराला बसले. भिंती त्याच, शिक्षा तीच. बदलता येण्यासारखे एकच होते, ते म्हणजे स्वतःचे मन.

‘त्याने चिडवले म्हणून मी मारले,’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या रागाचा लगाम दुसऱ्याच्या हाती देतो. चूक त्याची असेलही. हात मात्र आपलाच असतो. पुढच्या वेळी राग आला की चार श्वास शांतपणे पाहा, मग बोला. उद्या आपल्या हाती तुकडी येईल. त्याआधी स्वतःचे मन हाती यायला हवे.